फर्स्टली, सेकंडली आणि शेवटी

ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये एक प्राणी हमखास सापडतो. एकटा पडलेला 'फर्स्टली'. मेल सुरू होतो "फर्स्टली, थँक्स फॉर द अपडेट" असा, मग दोन परिच्छेद नुसते वाहत जातात, खाली सही येते आणि मेल संपतो. 'सेकंडली' कुठेच नाही. आमच्या प्रोग्रामर लोकांच्या भाषेत सांगायचं तर कंस उघडला आणि बंद केलाच नाही. कंपायलर असता तर तिथल्या तिथे बोंबलला असता. माणूस बिचारा सभ्य असतो, तो शेवटपर्यंत दुसऱ्या मुद्द्याची वाट बघतो आणि मग 'असेल काहीतरी' म्हणून पुढच्या मेलकडे वळतो.

तर मंडळी, आजचा विषय हा. इंग्रजीत एकापाठोपाठ एक मुद्दे लिहायचे असतील तर कोणता शब्द लावायचा. फर्स्ट की फर्स्टली, लास्टली की ॲट लास्ट, वगैरे. विषय किरकोळ वाटेल. पण माझ्या मते आपण मराठी माध्यमवाले यात दुहेरी फसतो. ज्याला घाबरायची गरज नाही त्याला घाबरतो, आणि जिथे खरोखर अर्थ बदलतो तिथे कुणी आपल्याला काही सांगतच नाही.

मी मूळचा आटपाडीचा. ('आटपाट नगर' म्हणून चिडवून झालेलं आहे, नवीन काहीतरी शोधा.) माडगूळकर बंधूंचा आणि शंकरराव खरातांचा आमचा तालुका, त्यामुळे मराठी आम्हाला कुणी शिकवू नये असा तिथल्या प्रत्येकाचा एक गोड समज असतो. इंग्रजीचं तसं नाही. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, म्हणजे आमची बॅच अगदी पहिलीपासून इंग्रजी शिकलेली. तरी निबंधाचा सांगाडा ठरलेलाच असायचा. सुरुवातीला 'फर्स्ट ऑफ ऑल', मध्ये 'सेकंडली', आणि शेवटी 'लास्ट बट नॉट द लीस्ट'. आत पावसाळा भरा नाहीतर 'मी पंतप्रधान झालो तर' भरा, सांगाडा तोच. तो वापरला की निबंध 'चांगल्या इंग्रजीत' लिहिल्यासारखा दिसायचा. शब्द काय काम करतात हा प्रश्नच नव्हता, ते लग्नातल्या फेट्यासारखे होते. प्रसंगाला शोभतात म्हणून डोक्यावर.

हाच फेटा घालून पोरं पुण्यात येतात, आणि मग कुठल्या तरी ट्रेनिंगमध्ये त्यांना सांगितलं जातं की "फर्स्टली इज राँग इंग्लिश". झालं! सात-आठ वर्षं लिहिलेलं सगळं एका वाक्यात चूक.

तर आधी हे भूत उतरवू. 'फर्स्टली' चूक नाही. इंग्रजीत तो शब्द सोळाव्या शतकापासून आहे. डी क्विन्सी नावाच्या इंग्रज लेखकाने १८४७ साली त्याला हास्यास्पद, पंडिती आणि नवा घडवलेला शब्द म्हणून झोडपलं. नवा तर तो नव्हताच, पण तेव्हापासून 'सेकंडली चालेल, थर्डली चालेल, फर्स्टली मात्र नको' असा एक विचित्र नियम साहेबांच्या शाळांमध्ये फिरत राहिला. फाउलरने १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात या हट्टाची निरुपद्रवी पंडितगिरी म्हणून थट्टा केली आहे. अमेरिकेत स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या पुस्तकाचा सल्ला असा की आकड्यांना उगाच 'ली' लावून नटवू नका, सरळ सेकंड, थर्ड म्हणा. म्हणजे शंभर-दीडशे वर्षं ज्यांची ती मातृभाषा आहे तेच भांडतायत. आपण त्यात कशाला घाम गाळायचा?

माझं मत विचाराल तर मी 'फर्स्ट, सेकंड, थर्ड' वापरतो. अक्षरं कमी, आणि 'सिक्स्थली', 'सेव्हन्थली' अशी भयंकर रूपं येत नाहीत. पण कुणी फर्स्टली लिहिलं म्हणून त्याचं इंग्रजी कच्चं म्हणणाऱ्या माणसाबद्दल माझं मत चांगलं होत नाही. एक जोडी धरा आणि ती शेवटपर्यंत निभवा, इतकंच. 'फर्स्ट'च्या मागे 'सेकंडली' आणि त्याच्या मागे 'नंबर थ्री' अशी भेळ करू नका.

याचा नमुना बघायचा असेल तर बाबासाहेब आंबेडकरांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण काढून वाचा. नेटवर पूर्ण मिळतं. लोकशाही नुसती नावाला नको, प्रत्यक्षात टिकवायची असेल तर काय करावं लागेल, असा प्रश्न ते स्वतःच विचारतात, आणि मग तीन गोष्टी सांगतात. पहिली गोष्ट, संविधानिक मार्गच धरायचा. दुसरी गोष्ट, कुणाही थोर माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य वाहायचं नाही. तिसरी गोष्ट, नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान मानायचं नाही. इंग्रजीतही अगदी असंच साधं आहे: द फर्स्ट थिंग, द सेकंड थिंग, द थर्ड थिंग. परदेशातल्या दोन नामांकित विद्यापीठांतून डॉक्टरेट मिळवलेला माणूस, आणि शब्द पाचवीतल्या पोराला येतील असे. गंमत म्हणजे तिसरा मुद्दा सगळ्यात जड. तिथून ते सामाजिक लोकशाहीकडे जातात, २६ जानेवारी १९५० पासून आपण ज्या विसंगतीत पाऊल टाकणार आहोत तिच्याकडे जातात. त्याला 'शेवटचा असला तरी कमी महत्त्वाचा नाही' असं लेबल लावायची त्यांना गरज पडली नाही. ऐकणाऱ्याला ते वजन जाणवतंच.

(त्या 'लास्ट बट नॉट द लीस्ट'चंही तसंच. शेक्सपिअरच्या 'ज्यूलियस सीझर'मध्ये त्याचं भावंड सापडतं, इतका तो जुना आहे. मूळ प्रयोगात 'द' नाही, तो आपल्याकडे फार प्रेमाने जोडला जातो. आता तो इतका झिजलाय की गॅदरिंगच्या आभारप्रदर्शनात मंडपवाल्याचं नाव घेताना सोडून कुठेही वापरू नये असं मला वाटतं.)

असो. हे झालं भुताबद्दल. आता खरी अडचण.

खरी अडचण आपल्या 'शेवटी'त आहे. मराठीतला 'शेवटी' हा एकटा शब्द किती ठिकाणी राबतो बघा. "शेवटी, बजेटचा मुद्दा." "तासभर उभा राहिलो, शेवटी एसटी आली." "खूप भांडले आणि शेवटी जमीन विकलीच." "कितीही झालं तरी शेवटी आईच ती." चारही वाक्यांत शब्द तोच, आणि आपल्याला कधी गोंधळ होत नाही. इंग्रजीत मात्र पहिल्याला 'लास्टली' किंवा 'फायनली', दुसऱ्याला 'ॲट लास्ट', तिसऱ्याला 'इन द एंड' आणि चौथ्याला 'आफ्टर ऑल'. चार वेगळी खाती, आणि एका खात्यातलं दुसऱ्यात टाकलं की हिशेब चुकतो. "ॲट लास्ट, आय थँक अवर प्रिन्सिपल सर" असं कुणी म्हटलं की इंग्रजी कानाला काय ऐकू येतं? "हुश्श, एकदाचे सरांचे आभार मानतो!" प्रिन्सिपल सरांनाही तेच 'शेवटी' ऐकू येतं म्हणून बरं.

'पहिल्यांदा'चंही असंच. "पहिल्यांदा पुण्याला आलो" म्हणजे 'फॉर द फर्स्ट टाइम'. "पहिल्यांदा पुणं आवडलं नाही" म्हणजे 'ॲट फर्स्ट'. "पहिल्यांदा फॉर्म भर, मग रांगेत उभा राहा" म्हणजे नुसतं 'फर्स्ट'. यातला 'ॲट फर्स्ट' सगळ्यात लबाड. तो आला की वाचणारा पुढच्या 'पण'साठी सावरून बसतो. आधी असं होतं, नंतर बदललं, असा शब्द तो देऊन बसलेला असतो. "ॲट फर्स्ट आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा" वाचलं की साहेबाला प्रश्न पडतो, मग काय झालं, डिप्लोमा परत घेतला की काय?

आणि 'एक तर'! हा आमचा खास तक्रारीचा शब्द. "एक तर पाऊस नाही, त्यात लाईट नाही, वर बँकेचा फोन." आमच्या दुष्काळी भागात या वाक्याचा सराव भरपूर. हे मुद्दे पहिला-दुसरा-तिसरा असे नाहीतच, ते एकावर एक रचलेले धोंडे आहेत. 'फर्स्टली नो रेन, सेकंडली नो पॉवर' असं केलं की त्या तक्रारीचा जीवच जातो, ती यादी होते. इथे इंग्रजीला 'ॲज इट इज' आणि 'ऑन टॉप ऑफ दॅट' लागतात. कारण यात आकडे महत्त्वाचे नाहीत, ओझं महत्त्वाचं आहे.

म्हणजे मुद्दा असा की हे शब्द नुसते क्रमांक नाहीत. दोन मुद्द्यांमध्ये नातं काय आहे ते ते सांगतात. हा आधी घडला म्हणून पहिला? महत्त्वाचा म्हणून पहिला? की मोजायला कुठून तरी सुरुवात करायची म्हणून पहिला? आणि हे आपल्या लोकांना कळत नाही असं अजिबात नाही. जुनी माणसं धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. पहिला म्हणजे नुसता आकडा नव्हे हे त्यांना कुणी ग्रामरच्या पुस्तकातून शिकवलेलं नाही. आटपाडीच्या बाजारात शेळ्या-मेंढ्या घेणारा माणूस पोराला सांगतो, "आदुगर दात बघायचं, मागनं दर इचारायचा." दातावरून वय कळतं, दोन दाती, चार दाती, जुळलेली. वय न बघता दर विचारला की विकणाऱ्याला कळतं गिऱ्हाईक कच्चं आहे, आणि तो दर चढवतो. या 'आदुगर'मध्ये क्रमही आहे आणि तो क्रम मोडला तर काय होईल याची धमकीही आहे. माझ्या मते टेक्निकल रायटिंगचा याच्याहून चांगला धडा नाही. सहा शब्दांत प्रोसेस आणि रिस्क दोन्ही.

आता ऑफिसमधला धडा ऐका. मी पूर्वी जिथे होतो तिथली गोष्ट, कंपनीचं नाव जाऊ दे. डेटाबेस अपग्रेडची एक सूचनापत्रिका होती. लिहिणारा माणूस मोठ्या शहरातल्या कॉन्व्हेंटचा, इंग्रजी असं की ऐकत राहावं. त्याने लिहिलं होतं: फर्स्ट, ॲप्लिकेशन थांबवा. नेक्स्ट, मायग्रेशनची स्क्रिप्ट चालवा. ऑल्सो, डेटाबेसचा बॅकअप घ्या. रात्रपाळीला एक नवीन पोरगा होता, लातूरकडचा, कामाला चोख. त्याने लिहिलंय तसं केलं. ॲप्लिकेशन थांबवलं, स्क्रिप्ट चालवली, आणि मग बॅकअप घेतला. स्क्रिप्ट अर्ध्यात फसली होती, म्हणजे बॅकअप निघाला तो बिघडलेल्या डेटाचा. त्याच्या आधीचा चांगला बॅकअप आदल्या रात्रीचा. मधल्या अख्ख्या दिवसाच्या नोंदी दुसऱ्या दिवशी माणसं बसवून पुन्हा भराव्या लागल्या.

नंतर मीटिंग झाली. सगळे त्या पोराला म्हणाले, "बॅकअप आधी घ्यायचा असतो हे कॉमन सेन्स आहे." 'ऑल्सो' या शब्दाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आणि मला राग येतो तो याचा. 'ऑल्सो' म्हणजे 'हेही करा', कधी ते त्यात नाही. लिहिणाऱ्याला बॅकअप उशिरा आठवला आणि त्याने तो खाली चिकटवला, इतकंच. 'बिफोर दॅट' असे दोन शब्द लिहिले असते तर काम झालं असतं. पण फाडफाड इंग्रजी येणाऱ्याचं वाक्य चुकीचं असू शकतं हेच त्या खोलीत कुणाच्या मनात आलं नाही, आणि मराठी माध्यमाच्या पोराने ते वाक्य अक्षरशः बरोबर वाचलं होतं हेही नाही. त्या पोराच्या अप्रेझलवर त्याचा परिणाम झाला. पत्रिकेतला 'ऑल्सो' मी ती कंपनी सोडेपर्यंत तिथेच होता.

आपल्या सरकारी मराठीत या 'ऑल्सो'चा सख्खा भाऊ आहे: 'तसेच'. कुठलंही परिपत्रक घ्या. "अर्जदाराने अर्ज सादर करावा. तसेच कागदपत्रे जोडावीत. तसेच शुल्क भरावे." शुल्क आधी की अर्ज आधी? त्यासाठी खिडकीवर दोन चकरा. तालुक्याच्या गावी त्या दोन चकरा म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेला रोजगार असतो, म्हणून ही निव्वळ भाषेची गोष्ट राहत नाही.

इंटरनेटच्या मानकं लिहिणाऱ्यांना ही भानगड एका बाबतीत फार आधी कळली. १९९७ चं आरएफसी २११९ तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. 'मस्ट' म्हणजे नक्की काय, 'शुड' म्हणजे काय, 'मे' म्हणजे काय हे त्यात ठरवून टाकलंय. ज्याला जो अर्थ घ्यायचा तो घ्या असं नाही. तसं 'देन', 'नेक्स्ट', 'ऑल्सो', 'फायनली' यांचंही प्रत्येक टीमने आपापल्यापुरतं ठरवावं असं मला फार वाटतं. क्रम पाळायलाच हवा तर आकडे घाला. क्रमाला महत्त्व नसेल तर आकडे घालू नका, साधे ठिपके द्या, आणि वर लिहा की कुठल्याही क्रमाने चालेल. आमच्या सध्याच्या टीममध्ये सूचनापत्रिकेत 'ऑल्सो' दिसला की रिव्ह्यूमध्ये परत पाठवायचा असा अलिखित नियम मी लावून दिलाय. लोक मला 'ऑल्सो इन्स्पेक्टर' म्हणतात :-)

कुणी म्हणेल, हल्ली हे सगळं एआय करून देतो की. देतो ना. सुरेख करून देतो. 'फर्दरमोर', 'मोरओव्हर', 'ॲडिशनली' अशी झालर लावून देतो. पण तुमचे दोन मुद्दे एकावर एक आहेत, की एकामागे एक, की नुसते शेजारी, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कुठून कळणार? त्याला सांगाडा उत्तम येतो. आमच्या दहावीच्या निबंधासारखाच.

हे सगळं लिहायला निमित्त माझ्या मामेभावाचं. आटपाडीत असतो. दहावीनंतर डिप्लोमा, मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला, आणि आता इंटर्नशिपसाठी अर्ज करतोय. मागच्या आठवड्यात त्याने पत्र पाठवलं, "दादा, एकदा नजर टाक." तीन ठिकाणी हात लावला. 'ॲट फर्स्ट आय कम्प्लीटेड डिप्लोमा'चं नुसतं 'फर्स्ट' केलं. 'ॲट लास्ट आय गॉट ॲडमिशन' वाचून त्याला फोन लावला, "एकदाची मिळाली असं म्हणायचंय का तुला?"

तो म्हणाला, "तसंच म्हणायचंय दादा. दोन याद्यांत नाव नव्हतं, तिसऱ्या यादीत लागलं. मम्मी देवळात जाऊन आली."

मग तो 'ॲट लास्ट' तसाच ठेवला, आणि त्याच्या आधी त्या दोन याद्यांचं एक वाक्य घालायला सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी प्रोजेक्टची माहिती होती. ठिबकवर चालणाऱ्या डाळिंबाच्या बागेसाठी ओलावा मोजणारं यंत्र त्याने केलंय, आणि अख्ख्या पत्रातली सगळ्यात भारी गोष्ट ती. ती तळाशी होती, 'लास्ट बट नॉट द लीस्ट' म्हणून. ती उचलून सगळ्यात वर घेतली.

'फर्स्टली' मात्र एका जागी राहिला. "हा काढायचा का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, खाली सेकंडली आहे का बघ. होता. मग राहू दे म्हटलं. काल त्याने पत्र पाठवून दिलं.